वाघजाई हलेना, म्हणून जिल्हा हलला

धामणकोंडच्या मराठी शाळेच्या शेरेबुकात डिपुटी तासगावकरांनी पाच शब्द लिहिले आणि काशीराम मास्तरांच्या तोंडची चव वर्षभर गेली. ते शब्द असे: 'स्थानिक भूगोल : विशेष काही नाही.'

आता तपासणीला आलेल्या साहेबाने शेरा मारायचा आणि मास्तराने तो निमूट गिळायचा, ही रीत शाळा निघाल्यापासूनची आहे. मास्तरांनी आजवर पुष्कळ शेरे गिळले होते. 'मुलांची नखे वाढलेली' हा गिळला. 'घड्याळ मागे' हाही गिळला. शाळेला घड्याळ नव्हतेच, तरी गिळला. पण हा पाच शब्दांचा शेरा काही केल्या घशाखाली उतरेना. तासगावकर पडले घाटावरचे. आंबा घाटाच्या वळणावळणांनी सर्व्हिस मोटारीत त्यांच्या पोटात ढवळले, पुढे तीन कोस कातळावरून चालताना टाळू तापली, आणि शाळेत पोचल्यावर घाम पुसत ते म्हणाले, "दगड आणि झाडं! दुसरं आहे काय हो मास्तर, या मुलखात?" एवढे बोलून थांबले असते तर मास्तरांनी उन्हाच्या खाती टाकले असते. पण त्यांनी ते लिहिले, आणि खाली सही केली.

काशीराम मास्तर मूळचे मालगुंडकडचे. ट्रेनिंग करून आलेले, आणि नऊ वर्षे धामणकोंडात, म्हणजे अगदी सह्याद्रीच्या पायथ्याशी नोकरीला. समुद्र त्यांनी लहानपणी पाहिला आणि डोंगर मोठेपणी, त्यामुळे अख्खा रत्नागिरी जिल्हा आपण दोन्ही बाजूंनी धरून ठेवला आहे असे त्यांना मनातून वाटे. बाणकोटापासून वेंगुर्ल्यापर्यंत खाडीगणिक बंदर आणि बंदरागणिक किल्ला. वर महिपतगड, प्रचितगड. खाली जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड. कर्णेश्वराचे दगडी देऊळ, राजवाडीची ऊन पाण्याची उन्हाळी, मार्लेश्वरचा धबधबा. आणि शेरा काय, तर विशेष काही नाही! मास्तर रोज शाळा सुटल्यावर शेरेबुक उघडून तो शेरा वाचीत आणि पुन्हा मिटीत. गोदाने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा विचारले, "अहो, रोज वाचून बदलतोय होय तो?"

तेव्हा मास्तरांनी ठरवले की हा शेरा बदलायचाच. पुढच्या तपासणीच्या आधी शाळेच्या अंगणात मातीचा उठावाचा नकाशा करायचा, वीस हात लांब आणि सहा हात रुंद. साहेबाने नुसते उभे राहायचे आणि पाहायचे.

साल एकतीसचा शिमगा जवळ आला होता. मास्तरांनी आधी रीतसर वरच्या कचेरीला अर्ज केला. दीड महिन्याने उत्तर आले. सदर नकाशा कायमचा की तात्पुरता? त्यात शेजारच्या जिल्ह्याचा अगर संस्थानाचा भाग येत असल्यास त्यांची लेखी संमती जोडावी, नपेक्षा तो भाग वगळावा. आणि समुद्र कशासाठी, याचा खुलासा व्हावा.

समुद्राचा खुलासा मास्तरांनी दोन पाने लिहिला. संमतीचे मात्र अवघड होते. सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत जिल्हा आपला. पलीकडचा उतार सातारचा आणि कोल्हापूरचा. त्यांच्या संमत्या यायच्या म्हणजे मास्तरांची पेन्शन आधी येणार. म्हणून मास्तरांनी कचेरीचा हुकूम शब्दशः पाळला. सह्याद्री उभा केला आणि माथ्यावरून कोयत्याने सरळ कापला. अलीकडून पाहिले तर कडे, सोंडा, घाट सगळे यथास्थित. पलीकडून पाहिले तर भिंत. त्या भिंतीमागे जांभळीच्या झाडापर्यंत मोकळे अंगण होते. तिथे काही नव्हते, आणि असायला परवानगीही नव्हती.

माती आप्पा खोतांच्या मळीतून आणली. गाव खोतीचा, तेव्हा मातीबरोबर आप्पांचा सल्लाही आला. रोज संध्याकाळी उपरणे सावरीत ते अंगणात उभे राहत आणि विचारीत, "मास्तर, आमचं घर कुठं आलं?" या प्रमाणात तुमचे घर मोहरीएवढे येईल, असे मास्तरांनी समजावून पाहिले. "मग मोहरी मोठी घ्या," आप्पा म्हणाले. आप्पांचे घर सुपारीएवढे झाले, मग वाडीतल्या बाकीच्यांनी काय पाप केले होते? होता होता धामणकोंड इतके फुगले की ते संगमेश्वराहून मोठे दिसू लागले.

गोदाचे माहेर मिरकरवाड्याचे. रत्नागिरीचे बंदर पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बंदर घातलंत नि होडी नाय घातलीत? माझा बापूस काय पोहत जातो मासे धरायला?" नारळाच्या करवंटीच्या होड्या आल्या, शिंपल्यांचा किनारा आला. मग शिमग्याला मुंबईहून आलेला मोरू गिरणीवाला पुढे सरसावला. त्याची रजा केव्हाच संपली होती, पण नकाशा अर्धवट टाकून जाणे त्याला बरे दिसेना. "मास्तर, मुंबई कुठं हाय?" मुंबई जिल्ह्यात येत नाही, मास्तर म्हणाले. "निम्मा गाव मुंबईत, नि मुंबई नकाशात नाय? बायामाणसांनी बघायचं काय मंग, डोंगर?" या युक्तिवादाला ट्रेनिंग कॉलेजात उत्तर शिकवलेले नव्हते. शेवटी अंगणाच्या वायव्येस, पाण्याच्या पिंपाला टेकून, मुंबई झाली.

हौसा म्हातारी मात्र काही मागत नसे. रोज येऊन नकाशाच्या कडेला बसे. तिचा मुलगा रघू चार वर्षे मुंबईहून आला नव्हता. एके दिवशी ती म्हणाली, "मास्तर, माजा रगू गेला ती वाट दावा." मास्तरांनी तिचे बोट धरले आणि धामणकोंडावरून ओढ्याने खाली, शास्त्री नदीच्या काठाने संगमेश्वर, तिथून खाडीने जयगड, तिथून आगबोटीने वर वर पिंपापर्यंत नेले. म्हातारीने बोट तिथेच ठेवले. "येवढीच?" ती म्हणाली. "मला वाटलं लय लांब आसल." नऊ वर्षांत शिकवलेल्या भूगोलाचे त्या घटकेला सार्थक झाले असे मास्तरांना वाटले, आणि ते खरेही होते.

येथवर सारे सुरळीत म्हणावे असे होते. आप्पांच्या रेड्याने एकदा दापोलीत पाय दिला आणि कुणाच्या तरी कोंबड्यांनी कुंभार्ली घाट उकरला, पण या गोष्टी कुठल्याही मोठ्या कामात होतात.

घोटाळा झाला तो वाघजाईच्या देवळाचा.

वाघजाई ही धामणकोंडची ग्रामदेवता. तिचे देऊळ ओढ्याच्या पूर्वेला आणि आप्पांचे घर पश्चिमेला, हे गावातले रांगते पोरही सांगेल. पण मास्तर पडले नेहमी उत्तरेकडे तोंड करून नकाशा शिकवणारे. त्यांच्या लेखी उजवा हात म्हणजे पूर्व. त्या दिवशी दक्षिणेकडची माती ओली होती म्हणून ते उलट्या अंगाला, दक्षिणेकडे तोंड करून बसले, आणि सवयीने देऊळ उजव्या हाताला करून मोकळे झाले. वाघजाई ओढ्याच्या पश्चिमेला गेली. ही चूक त्यांच्या ध्यानात आली सोमवारी, आणि डिपुटीसाहेब येणार होते शुक्रवारी.

चूक अशी की चिमटीने उचलून इकडची तिकडे ठेवायची. मास्तर मंगळवारी सकाळी चिमूट पुढे करून बसले आणि त्यांचा हात तसाच राहिला. मातीच्या देवळाला कुंकू लागले होते. समोर दोन अनंताची फुले होती आणि बाजूला नारळाची ताजी शकले.

"कुणी केलं हे?" मास्तरांनी विचारले.

"मी केलं," हौसा म्हणाली. "देवी अंगणात येऊन बसली नि तिला कोरडीच ठेवू? रगूसाठी नारळ फोडलाय मी तिच्याम्होरं."

शिवा गुरवाला बोलावणे धाडले. शिवाच्या घराण्याकडे वाघजाईची पूजा बापजाद्यांपासून. त्याने वाकून पाहिले, नारळाचे शकल हुंगले आणि मान हलवली. "आता ही माती नाय ऱ्हायली मास्तर. नारळ फुटला म्हंजे देवी बसली. तिला हलवायची तर तिलाच विचाराय पायजे."

"अरे पण ती चुकीच्या काठावर बसलीय!"

"बसवली कुणी?" शिवाने विचारले.

तेव्हा सारा गाव खऱ्या वाघजाईच्या देवळात गेला. शिवाने देवीच्या पाषाणाला डावी-उजवीकडे फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. कोकणात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळे असेच ठरते. मग शिवाने गाऱ्हाणे घातले: "हे आई वाघजाई, तुज्या मास्तराच्या हातून चूक झालीय. तो शिकलेला हाय, पर मानूस वंगाळ नाय. शाळेच्या अंगणातली तुजी जागा वढ्यापलीकडं न्यावी म्हनतो. मर्जी आसल तर उजवा दे, नसल तर डावा दे!" "व्हय म्हाराजा!" गाव गरजला. आपली चूक शाळाखात्याने दाखवली असती तर मास्तरांना चालले असते. ती अशी देवळात, ढोलाच्या साथीने जाहीर व्हावी, हे त्यांना फार लागले. कळा पडला तो डावा. दुसऱ्यांदा विचारले, डावा. तिसऱ्यांदा मास्तरांनी स्वतः हात जोडले, तर डावा कळा अगदी टपकन पडला.

"नाय हलायची," शिवा म्हणाला. "तिला तिथं बरं वाटतंय."

मास्तर पायरीवर बसले. शुक्रवारी तासगावकर येणार, देऊळ खऱ्या जागी पाहणार आणि मग नकाशात पाहणार. गेल्या साली विशेष काही नव्हते. या साली जे आहे ते चूक आहे, असा शेरा होणार. इतक्या दिवसांची मेहनत आणि जिल्ह्याची अब्रू, दोन्ही एका ओढ्यात वाहून चालली होती.

गोदा म्हणाली, "अहो, देवीला हलायचं नाय ना? मग ओढा हलवा."

मास्तरांनी मान वर केली. ओढा! देवळाच्या पश्चिमेकडून ओढा नेला की देवी आपोआप पूर्वेला. देवीने ओढ्याविषयी काहीच हरकत घेतली नव्हती. मास्तर धावतच अंगणात आले.

पण भूगोलाचे असे असते की एक सरकले की दुसरे सरकते. ओढा हातभर पश्चिमेला नेला तर तो आप्पा खोतांच्या घरातून जाऊ लागला. "माझ्या माजघरातून?" आप्पा कडाडले. आप्पांचे घर पश्चिमेला न्यावे तर तिथे संगमेश्वर. संगमेश्वर सारावे तर शास्त्री नदीला बाक येणार, आणि ती जयगडला न मिळता भलत्याच गावी मिळणार. जयगड सारावा तर तो समुद्रात. सह्याद्री आणि वाघजाई सोडून उरलेला सगळा जिल्हा दोन हात पश्चिमेला सरकवणे, एवढाच मार्ग उरला. आणि हातात दोन दिवस.

बुधवारी सकाळी मास्तर अंगणात येऊन पाहतात तो गाव पाट्या-फावडी घेऊन उभा. आप्पा खोतांनी उपरणे कमरेला बांधले होते. गावाने त्यांना असे कधी पाहिले नव्हते. मग जे सुरू झाले ते मास्तर पुढे जन्मभर सांगत राहिले. "प्रचितगड राहू द्या, तो जागेवर बरोबर आहे! कर्णेश्वर कोणी उचललाय?" "माज्या पाटीत हाय, शिखर कलंडलंय जरा." "मास्तर, जयगड ठेवू कुठं? हात भरून आले!" "पूर्णगड रत्नदुर्गाच्या खाली रे, वर नव्हे!" ज्या बायकांनी आयुष्यात संगमेश्वराचा बाजारदेखील पाहिला नव्हता, त्या डोक्यावर किल्ले घेऊन चालल्या होत्या, आणि कुठला किल्ला कुठल्या खाडीवर हे एकमेकींना बजावून सांगत होत्या. मोरूने सुवर्णदुर्ग दोन्ही हातांनी तान्ह्या पोरासारखा धरून नेला. मास्तर मध्ये उभे राहून ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होते. हा मुलूख आपला आहे याचा इतका अभिमान त्यांना उभ्या आयुष्यात वाटला नव्हता.

गुरुवारी सगळे जागच्या जागी बसले. समुद्राला मात्र अंगण पुरेना. तो पायरी चढून शाळेच्या ओसरीवर आला आणि पहिलीच्या वर्गात शिरला. पहिलीची मुले वाडीतल्या गोठ्यात हलवली, आणि साहेबांची खुर्ची अरबी समुद्रात मांडली.

शुक्रवारी दहाच्या सुमारास तासगावकर आले. डोक्यावर टोपी, पायांत करकरणारे बूट, चेहऱ्यावर घाटातली मळमळ. अंगणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत पाऊल टाकणार तोच हौसा आडवी झाली. "पायातलं काडा. देवी बसलीय आत."

"ही शाळा आहे ना?" साहेबांनी विचारले.

"शाळा हाय. देवी पण हाय."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी आप्पांकडे आणि आप्पांनी आभाळाकडे. अखेर साहेबांनी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. साऱ्या गावाने तो पाहिला.

साहेब नकाशापाशी आले आणि उभे राहिले. मग वाकले. मग चक्क उकिडवे बसले. "शास्त्री नदी कुठे मिळते?" त्यांनी चौथीच्या मुलांना विचारले. मुलांनी तोंड उघडण्याआधी बेड्यापासून शिवा ओरडला, "जयगडला!" "जयगड मी स्वता उचललाय सायब," मागून कोणीतरी म्हणाली. "उचललाय?" साहेब म्हणाले. मास्तरांनी घाईघाईने त्यांना मार्लेश्वरकडे नेले. साहेब प्रश्न विचारीत गेले आणि गाव उत्तरे देत गेला. किल्ले, खाड्या, घाट, उन्हाळी, एकही चुकले नाही. पिंपाशी ते थांबले. "मुंबई तुमच्या जिल्ह्यात केव्हा आली?"

"माजा रगू तिथं हाय," हौसा म्हणाली, आणि साहेबांनी तो प्रश्न पुढे वाढवला नाही.

"हे वाघजाईचं देऊळ प्रचितगडापेक्षा मोठं कसं?"

"मोठी हायच ती, सायब," शिवा म्हणाला. "पर काठ बरोबर हाय. बगा हवं तर."

साहेबांनी खरेच गावच्या ओढ्यापर्यंत अनवाणी जाऊन पाहिले. काठ बरोबर होता. परत आल्यावर ते सह्याद्रीच्या कापलेल्या बाजूला गेले, त्या भिंतीवर हात फिरवला आणि जांभळीपर्यंतच्या मोकळ्या अंगणाकडे पाहत विचारले, "आणि मास्तर, घाटाच्या पलीकडे काय आहे?"

काशीराम मास्तरांच्या मनात कचेरीचा हुकूम आला, आपली नऊ वर्षांची नोकरी आली, आणि गोदा दारात उभी आहे हेही आले. आणि तरी तोंडातून जे वर्षभर आत बसले होते तेच बाहेर पडले.

"विशेष काही नाही, साहेब."

आप्पांनी उपरण्याचे टोक हातात घेतले. तासगावकरांनी मास्तरांकडे पाहिले, मग आपल्या अंगठ्याकडे पाहिले. मग ते इतके खदखदून हसले की त्यांना सह्याद्रीचा आधार घ्यावा लागला. तोही थोडा ढासळला. हसणे ओसरल्यावर त्यांनी एक खडा उचलला आणि जांभळीच्या बुंध्याशी नेऊन ठेवला.

"हे माझं तासगाव," ते म्हणाले. "इथं असू द्या. संमती मी देतो."

समुद्रातल्या खुर्चीत बसून त्यांनी शेरेबुक मागवले. शेरा लिहून वही मिटली, बूट हातात घेतले आणि बेड्याबाहेर जाऊन घातले. ते कातळापलीकडे दिसेनासे होईपर्यंत मास्तरांना वही उघडण्याचा धीर झाला नाही. मग गोदाच "उघडा" म्हणाली, आणि मास्तरांनी सगळ्या गावाला ऐकू जाईल असे वाचले:

'स्थानिक भूगोल : बूट काढून पाहिला.'